खांडबाऱ्याला उतरलेला चित्रकार

आमच्या शाळेच्या भिंतीवर ग गणपतीचा नव्हता, गवारीचा होता. ह हत्तीचा नव्हता, हंड्याचा होता. स सुईचा, ब बटाट्याचा, म मक्याचा, उ उखळीचा. ससा, बदक, मासा, उंदीर यांच्यापैकी कुणालाही त्या भिंतीवर जागा मिळाली नव्हती. मी तेव्हा त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो, म्हणजे दोन शिक्षकांतला थोरला, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तोवर रंग वाळून गेला होता.

मी भिंत रंगवणाऱ्याला जाब विचारला. मला आवाज चढवता येत नाही, तरी चढवून पाहिला. तो शिडीवरून उतरला, ब्रश फडक्याला पुसला आणि म्हणाला, "जीव घालता येस नही गुरुजी, मंग चेहरा काब्र काढवा?" त्याचा बापही अक्षरंच रंगवायचा आणि त्यानं मुलाकडून तसं वचन घेतलं होतं. आपल्याला ज्यात प्राण फुंकता येत नाही, त्याचं रूप काढायचं नाही. अक्षर काढावं, वेल काढावी, कमळ काढावं, घागर काढावी. डोळे असलेलं काही काढू नये. मला भीती विस्तार अधिकाऱ्यांची होती. ते आले, कमरेवर हात ठेवून त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली, शेतीला धरून मुळाक्षरं घेतलीत हे छान केलंत म्हणाले आणि चहा पिऊन गेले. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना आता मुलं झाली आहेत. त्यांतले काही अजून ग गवारीचा म्हणतात.

आमची ओळख झाली ती अशी. मी मूळचा कळसाडीचा, भाऊ अजून तिथं ऊस आणि कापूस करतात. नोकरीनं मला खांडबाऱ्यात आणून टाकलं आणि निवृत्तीनंतरही मी तिथंच राहिलो. त्याला सगळं गाव पेंटर म्हणायचं, मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. या लेखात कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलंय. जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना असं ठरवावं, हे त्याला आवडलं नसतं.

त्याचं काम पाहत बसणं हा माझा रविवारचा उद्योग होता. पाटीवर तो आधी खडूच्या भुकटीत बुडवलेला दोरा ताणायचा आणि टिचकी मारून वरची रेघ उठवायचा. मग अंगठा आणि करंगळी ताणून वितीनं पाटी मोजायचा. पेन्सिलनं आधी लिहून बघणं त्याला कमीपणाचं वाटे. गिऱ्हाइकानं नुसता मजकूर सांगितला, की किती अक्षरं, किती काने, किती जागा, हे त्याच्या डोळ्यांत तयार असायचं. एकदा मी त्याला वर्तमानपत्राचा कागद लांबून दाखवून म्हटलं, सांग यात किती शब्द असतील. त्यानं सांगितलं. मी वेड्यासारखा मोजत बसलो. दहा-बारा शब्दांचा फरक निघाला. मालमोटारींची कामंही तो करायचा, फक्त देवाच्या चित्राची जागा गोल आखून रिकामी सोडायचा. ती भरायला नवापूरहून दुसरा माणूस यायचा. त्याचा याला राग नव्हता, उलट गोल अगदी सुबक आखलेला असे.

स्टेशनच्या मागे त्याचं घर होतं. मी गेलो की भाभी, म्हणजे त्याची बायको, काचेच्या ग्लासात चहा आणून द्यायची. तिला वाचता येत नव्हतं, पण वाळायला ठेवलेल्या पाट्या ती लांबून बघायची आणि आज लिखावट सीधी है किंवा आज टेढी है असा निकाल द्यायची. तो निकाल तो मुकाट्यानं मान्य करी. वाकड्या ठरलेल्या दोन पाट्या त्यानं पुसून पुन्हा रंगवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे, त्याच्या चार वर्षं आधी ती गेली. होळी होऊन चार दिवस झाले होते, दोन दिवस ताप आला आणि संपलं. त्याच्या पुढच्या वर्षी पेंटरचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. ब्रश धरला की रेघ धावायची. तसंही काम उरलं नव्हतं, सगळे बोर्ड फ्लेक्सचे झाले होते, आणि गंमत म्हणजे त्याच्याच मुलानं बाजारात फ्लेक्सचं दुकान टाकलं होतं. बापलेकांत त्यावरून भांडण नव्हतं. पोरानं पोटापाण्याचं बघितलं, यात वाईट काय, असं पेंटर म्हणायचा. दुकानात मात्र तो कधी गेला नाही.

भाभीचा फोटो घरात नव्हता. लग्नात कुणी काढला नाही, नंतर तिनं काढू दिला नाही. होता तो ओळखपत्रावरचा, नखाएवढा, चेहऱ्यावर उजेड इतका पडलेला की नाक आणि कपाळ एक झालेलं. मुलानं तो संगणकावर घातला. हल्ली यंत्र अंधुक फोटो साफ करून देतं, ते त्यानं करून घेतलं आणि मोठा छापून, काच बसवून, बापापुढे आणून ठेवला. मी त्या वेळी तिथं होतो. गोरीपान, गुळगुळीत गालांची, जाहिरातीतल्यासारखी एक बाई आमच्याकडे बघत होती. पेंटरनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही कोन शे?" ती काच नंतर कपाटामागे गेली.

आता माझ्या व्यसनाबद्दल सांगायला हवं. मी विज्ञानकथा लिहितो. तीस वर्षांत चार छापून आल्या, साभार परत किती आल्या ते विचारू नये. घरात माझी बायको त्यांना यंत्राच्या गोष्टी म्हणते. कळसाडीचे भाऊ म्हणतात, पाणी सोडायला आपोआप उठणारं एखादं यंत्र शोध, मग वाचू. या थट्टेची मला सवय आहे. त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात पाचवी कथा होती, आणि ही जमली तर आपण लेखक, नाहीतर मास्तरच बरे, असं मी मनाशी ठरवून बसलो होतो.

कथेचा नायक खरा होऊन गेलेला चित्रकार होता. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा, दक्षिणेतून आलेला, ज्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरांत टांगलेल्या होत्या. तो त्याच्या काळातल्या आगगाडीत बसतो, आणि भविष्यातल्या शास्त्रज्ञांच्या एका चुकीमुळे ती गाडी आजच्या काळात येऊन खांडबाऱ्याला थांबते. तो उतरतो. फलाटावरच्या टपरीत त्याला आपलीच लक्ष्मी दिसते, उदबत्तीच्या पुड्यावर, कॅलेंडरवर, फटाक्यांच्या खोक्यावर. पुढे त्याला एक यंत्र भेटतं, जे सांगाल ते चित्र पापणी लवेपर्यंत काढून देतं. तो हादरतो, आणि परतीच्या गाडीची वाट बघत बसतो. चुंबकीय क्षेत्र, काळाचा पीळ वगैरे मी व्यवस्थित घातलं होतं. विज्ञानकथेत कुणी चूक काढली की मला झोप येत नाही.

मला माहिती हवी होती ती चित्रकाराच्या हातांची. रंग कसा कालवतात, ब्रश धुतला नाही तर काय होतं, उभं राहून काम केलं की कुठं दुखतं. त्यासाठी मी दुपारी पेंटरकडे जाऊन बसू लागलो. त्यानं माझ्या चुंबकीय क्षेत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचे प्रश्न वेगळे होते. हा पाहुणा खातो काय? दक्षिणेतला आहे म्हणजे भात लागेल. उतरला तेव्हा त्याच्याजवळ बदलायला कपडे होते का? त्याला कुठं झोपवणार? मी म्हणालो, कथेत हे सगळं दाखवत नाहीत. तो म्हणाला, मग गोष्टीतला पाहुणा उपाशीच राहतो का. शेवटी त्या चित्रकाराची उतरायची सोय पेंटरनं स्वतःच्या घरी करून टाकली. आणि मी तशी लिहिलीही, कारण त्याशिवाय तो पुढे काही सांगेना.

एक दिवस मी बोलता बोलता म्हणालो, की त्या चित्रकारानं देवींना जे चेहरे दिले, ते कुठल्या कुठल्या खऱ्या बायकांना समोर बसवून दिले, असं सांगतात. पेंटरचा हात मांडीवर हलत होता, तो त्यानं दुसऱ्या हाताखाली दाबला. मग त्यानं विचारलं, गोष्टीत लिहिलेला चेहरा ही तसबीर धरतात का. मी म्हणालो, माझ्या माहितीप्रमाणे नाही, ती अक्षरंच असतात. त्यानं मान हलवली. अक्षरांवर त्याचा आयुष्यभराचा हक्क होता.

"मंग त्याले तुम्हनी भाभीनं चित्र काढाले लावा," तो म्हणाला.

मला हसू आलं, आणि मी लगेच शास्त्रीय अडचण सांगितली. चित्रकार आजच्या काळात उतरतो, आज भाभी नाही, आणि माझी गाडी फक्त त्याच्या काळापासून आपल्या काळापर्यंत धावते. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्हनी गाडी शंभर वरीस मांगे जास, मंग पाच वरीसवर थांबस नही का?"

खांडबाऱ्याला सगळ्या गाड्या थांबत नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण थांबवणं माझ्या हातात होतं. मी तसं म्हणालो आणि त्याला थांबा दिला. चित्रकार परत जाताना पाच वर्षांपूर्वीच्या एका सकाळी पुन्हा खांडबाऱ्याला उतरतो, पेंटरच्या दारात येतो, भाभी ओट्यावर बसलेली असते, आणि तो तिचं चित्र काढतो. असं ठरलं. तेव्हा पेंटर जे बोलला, ते मी वरवर घ्यायला नको होतं. तो म्हणाला, "तिना चेहरा मन्हा ध्यानमातून चाली ऱ्हायना, गुरुजी. शे तवलोंग लिखी ल्या."

मी त्याला धीर दिला, असं काही होत नसतं म्हणालो. होत होतं. त्याच्या आजारात हातापाठोपाठ आठवणही निसटायला लागली होती. कालचं जेवण, नातीचं शाळेचं नाव, बाजारातली एखादी गल्ली. मुलानं मला ते बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मग आठ-दहा दुपारी त्यानं मला भाभीचा चेहरा सांगितला. पाटी आखावी तसा सांगितला, वरून खाली. कपाळ तीन बोटं. भांग सरळ नाही, जरा उजवीकडे ओढलेला. डोळे मोठे नाहीत, पण चहा ओतताना ती बारीक करायची तेव्हा त्यांच्या कडेला दोन-दोन रेघा. नाक मध्येच थोडं बसकं. पुढच्या दातांत फट, म्हणून हसताना पदराचा कोपरा तोंडाशी. एखादी गोष्ट आठवली नाही की तो डोळे मिटून बसायचा, आणि कधी कधी तिथंच थांबायचा, उद्या या म्हणायचा. दुसऱ्या दिवशी मी जाईपर्यंत त्याला ती सापडलेली असायची. त्या दिवसांत तो खूश होता. भाभी गेल्यापासून मी त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

मी टिपणं ठेवली नाहीत. चाळीस वर्षं मुलांकडून पाठांतर करून घेतलेल्या माणसाला आपल्या स्मरणशक्तीचा माज असतो. घरी येऊन त्याच संध्याकाळी मोबाईलवर एका बोटानं टाईप करायचो. सगळी कथा तशीच लिहिली. भाभीच्या चित्राची तीन पानं झाली. लिहून झाल्यावर मी ती त्याला वाचून दाखवायला निघालो, तर तो नको म्हणाला. छापून आल्यावर वाचू. मोबाईलवरची अक्षरं त्याच्या लेखी खरी नव्हती, बोट लावलं की पुसली जातात म्हणायचा.

कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली. श्रावणात संपादकांचा फोन आला. कथा आवडली, घेतो म्हणाले. मी उभाच राहिलो. फक्त लांबली आहे, एक हजार शब्द कमी करावे लागतील. आणि कुठले तेही त्यांनीच सुचवलं. चित्रकार परतीच्या वाटेवर एका मेलेल्या बाईचं चित्र काढायला थांबतो, तो भाग कथेच्या ओघात येत नाही. यंत्र पाहून खचलेला कलावंत सरळ गाडीत बसतो, हा शेवट जास्त परिणामकारक होईल. संपादक गोड बोलत होते, आणि मला वाईट वाटायला नको म्हणून मध्ये मध्ये स्तुतीही करत होते.

त्यांना दोष देणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं होतं. लिहितानाच मला वाटत होतं, की ही तीन पानं मैत्रीखातर आलीत. कथा म्हणून ती बाहेरची होती. मी विचार करून सांगतो असंसुद्धा म्हणालो नाही. बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर लगेच बसलो, ती तीन पानं मोबाईलवर निवडली, काढून टाकली, सांधा जुळवून घेतला आणि कथा परत पाठवून दिली. जेवणाआधी सगळं झालं. काढलेला मजकूर वेगळा जपून ठेवावा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. दोन प्रतींचा घोळ नको म्हणून आधी पाठवलेली प्रतही मी पुसली आणि संपादकांनाही पुसायला सांगितली. आपलं नाव छापून येणार या आनंदात मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पेंटरला मी काहीच सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. त्यानं मात्र गावात सांगून टाकलं होतं. दुकानात भेटणारी माणसं मला विचारायची, काय गुरुजी, पेंटरच्या भाभी पुस्तकात येणार म्हणे. मी हसून मान डोलवायचो. त्या डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

अंक आला. मी तो आठ दिवस घरात ठेवला. शेवटी पेंटरचा मुलगा दारात येऊन म्हणाला, अब्बा रोज विचारतात, दिवाळी झाली तरी गुरुजी का आले नाहीत. त्याच दुपारी मी अंक पिशवीत घालून गेलो. वाटेत मी ठरवलं होतं, की सरळ सांगायचं. स्टेशनपर्यंत ते ठरलेलं होतं.

तो खाटेवर तक्क्याला टेकून बसला होता. स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केलेली होती, सून म्हणाली सकाळपासून असे बसलेत. त्यानं अंक हातात घेतला, पण पानं थरथरून वाचता येईनात, म्हणून मला परत दिला आणि म्हणाला, "वाची दखाडा." मी समोर स्टुलावर बसून वाचायला लागलो. चित्रकार गाडीतून उतरला. टपरीत त्याला लक्ष्मी दिसली. पेंटर मान हलवत होता, भाताचा उल्लेख आला तेव्हा तर हसला. यंत्राचं प्रकरण त्यानं सहन केलं. मग चित्रकार स्टेशनवर परत आला, आणि पुढची छापील ओळ होती, तो गाडीत बसला.

मी ती वाचली नाही. डोळे त्या पानावरच ठेवले आणि तोंडानं पुढे बोलत गेलो. गाडी पाच वर्षं मागे जाऊन थांबली असं म्हणालो. चित्रकार पुन्हा खांडबाऱ्याला उतरला, पेंटरच्या दारात आला, ओट्यावर भाभी बसली होती. वर्गात पाठ तयार नसताना मी पुष्कळदा असं केलं आहे. आठवेल ते सांगितलं. कपाळ, भांग, दातांतली फट. आठवत नव्हतं तिथं सुंदर सुंदर शब्द घातले. चित्रकारानं ब्रश खाली ठेवला, भाभीनं चित्र पाहिलं आणि लिखावट सीधी है म्हणाली, असाही शेवट मी जागच्या जागी करून टाकला. मग राहिलेल्या चार ओळी वाचल्या आणि अंक मिटला.

पेंटर माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता, माझ्या हातांकडे बघत होता. तो म्हणाला, "तुम्ही पान पालटं नही, गुरुजी."

मला समजलं नाही असं मी दाखवलं. त्यानं बोट उचललं, ते हलत होतं, तरी अंकाकडे रोखलं. "इतलं बठं त्या एक पानमा मावत नही."

ज्या माणसाला लांबून पाहून अक्षरं मोजता यायची, त्याच्यापुढे मी बसून हा खोटेपणा केला होता. मी सगळं सांगितलं. फोन, हजार शब्द, माझं बरं म्हणणं. मग माफी मागितली. त्यानं हात हलवून मला थांबवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"जागा कमी पडनी व्हई," तो म्हणाला. पाटीवर नाव मावलं नाही आणि गिऱ्हाईक हिरमुसलं, की तो त्याला हेच सांगायचा. चूक नावाचीही नाही आणि लिहिणाऱ्याचीही नाही, जागेची आहे. मला त्यानं गिऱ्हाइकाच्या जागी बसवलं होतं आणि समजूतही माझीच काढत होता.

सुनेनं चहा आणून ठेवला. ग्लास बाजूला सारून तो म्हणाला, छापलं नाही तर नाही. तुमच्या ध्यानात आहे ना? आता सांगितलं ते पुन्हा एकदा सांगा.

मी पुन्हा सुरू केलं. या वेळी पानावर बघण्याचं नाटक नव्हतं, आणि म्हणूनच की काय, जमेना. कपाळ तीन बोटं म्हणालो. भांग उजवीकडे. नंतर मघाशी काय म्हणालो होतो ते मलाच आठवेना, मी दातांतल्या फटीवर उडी मारली. त्यानं मला अडवलं. "भुवईमा खूण व्हती. मी सांगेल व्हतं तुम्हले."

सांगितलं होतं. लहानपणी अक्कलकुव्यात ओट्यावरून पडली होती, भुवईत खोक पडली होती आणि तेवढ्या जागेत पुढे कधी केस आले नाहीत. मी ते लिहिलंही होतं, चांगलं लिहिलं होतं. हो, खूण, मी म्हणालो, आणि पुढे सरकायला बघितलं.

"कोनत्या भुवईमा?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, तो माझी परीक्षा घेतोय. गुरुजींचं पाठांतर बघतोय. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, तो परीक्षा घेत नव्हता. त्याला माहीत नव्हतं. उन्हाळ्यात होतं, तेव्हा त्यानं ते माझ्याकडे सांभाळायला दिलं होतं, आणि आता तो परत मागत होता. त्याचे डोळे माझ्यावर होते आणि ओठ किंचित उघडे होते.

वीस वर्षं मी त्या बाईच्या हातचा चहा प्यालो. दुसऱ्याच्या घरातल्या बाईकडे तोंड वर करून बघू नये या वळणात वाढलो, म्हणून ग्लासाकडेच बघत आलो. मला तिची बांगडी आठवत होती, ग्लास धरणारी बोटं आठवत होती. भुवया आठवत नव्हत्या. लिहिलेल्या होत्या, त्या मी जेवणाआधी पुसून टाकल्या होत्या.

"डाव्या," मी म्हणालो. वर्गात राजधान्या सांगायचो त्या आवाजात म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. ओठ हलले, डावी, डावी, असं स्वतःशी म्हणाला. मग मान हलवली आणि त्याचा चेहरा सैल झाला. बरोबर, डावीच, असं म्हणून त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यानंतर तो तीन महिने होता. मी गेलो की आता तोच मला सांगायचा, डाव्या भुवईत खूण होती, आणि तेवढं मात्र कधी विसरायचा नाही. कपाळ गेलं, भांग गेला, नातीचं नाव गेलं, ही एक गोष्ट पक्की राहिली. नातीला तो स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवून दाखवायचा. मुलगा मला म्हणाला, गुरुजी, खूण कुठल्या बाजूला ते मीही सांगू शकलो नसतो, तुमच्यामुळे अम्मीचं एवढं तरी त्यांच्याजवळ राहिलं.

तो गेला त्या दिवशी भाभीची धाकटी बहीण अक्कलकुव्याहून आली होती. बहिणींनी एकत्र लहानपण काढलेलं, भाभी ओट्यावरून पडली तेव्हा ती तिथंच असणार. ती आत बायकांत बसली होती, मी बाहेर पुरुषांत होतो. कोणत्या भुवईत, एवढा एक निरोप मुलाकडून आत धाडला असता तर उत्तर लगेच आलं असतं. मुलगा दोनदा माझ्याजवळ येऊन उभा राहिला, काही हवं का विचारून गेला. मी नाही म्हणालो.